सारखा बंद पडणारा कॉम्प्युटर: आधी तो कसा पडतो ते बघा

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेप्रमाणे सकाळी पावणेदहाच्या सुमारास जगभरातल्या ऑफिसांमधले, बँकांमधले, विमानतळांवरचे कॉम्प्युटर धडाधड निळे पडायला लागले. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रं आडवी झाली होती. मूळ सापडलं ते अगदी क्षुल्लक वाटावं असं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एका अपडेटने २१वा रकाना वाचायला लावलं, आणि त्याच्या हातात रकाने होते २०च. ते मेमरीत भलतीकडे वाचायला गेलं आणि विंडोजने तिथल्या तिथे सगळं थांबवलं.

ते सॉफ्टवेअर कंपन्या आणि संस्था वापरतात, त्यामुळे घरचे कॉम्प्युटर त्या दिवशी सुटले. पण तोच पडदा घरोघरी सुटासुटा दिसतच असतो. मग दुकानात नेलं की ‘फॉरमॅट मारून देतो’, आणि पंधरा दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हे का होतं आणि घरच्या घरी काय तपासता येतं, ते बघू. दुरुस्ती हातात घ्यायची नसली तरी एवढं कळलेलं असावं, म्हणजे दुकानदाराशी नीट बोलता येतं.

विंडोज स्वतःहून का थांबतं?

एका खोलीतला बल्ब उडाला तर तेवढ्याच खोलीत अंधार होतो. गिझरच्या वायरिंगमध्ये शॉर्ट झाला तर एमसीबी पडतो. तेव्हा एमसीबीला कोणी शिव्या देत नाही. तो पडला म्हणून पुढचं टळलं, हे आपल्याला माहीत असतं.

कॉम्प्युटरमध्येही अशा दोन पातळ्या आहेत. ब्राउझर, वर्ड, टॅली हे खोल्यांमधले बल्ब. बिघडले तर एकटेच बंद होतात. त्यांच्या खाली विंडोजचा गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. रॅम, डिस्क, प्रोसेसर यांच्याशी थेट व्यवहार त्याचा. ड्रायव्हरही बहुतेक तिथेच राहतात. ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स कार्ड, वायफाय, साउंड अशा एकेका भागाला चालवणारं छोटं सॉफ्टवेअर. या पातळीवर कोणी चुकलं, की मेमरीतलं काय खरं आणि काय कचरा याचा भरवसा राहत नाही. तो कचरा डिस्कवर लिहिला गेला तर तुमच्या फायली जातील. म्हणून विंडोज सगळं सोडून देतं आणि पडद्यावर एक कोड लिहून थांबतं.

हा पडदा वर्षानुवर्षं निळा होता. २०२५मध्ये विंडोज ११च्या अपडेटमधून तो काळा झाला आणि त्यावरचा तो रडका चेहराही गेला. तेव्हा ‘निळं काही आलंच नाही, नुसतं काळं झालं’ असं वाटलं तर त्या काळ्यावर अक्षरं होती का, हे आठवून बघा. अक्षरं असलेला काळा आणि कोरा काळा यांत फार फरक आहे.

पडण्याच्या तऱ्हा

सगळ्या निदानाचा पाया इथे आहे, आणि हेच कोणी विचारत नाही.

लाइट गेल्यासारखा कॉम्प्युटर खटकन बंद होतो किंवा सूचना न देता रीस्टार्ट होतो: विंडोजला कोड लिहायलाही वेळ मिळाला नाही. संशय आधी विजेवर आणि उष्णतेवर. पंखे फिरत राहतात पण चित्र गोठतं, माउस हलत नाही: रॅम, डिस्क किंवा ग्राफिक्स. कोडचा पडदा येतो: बहुतेकदा ड्रायव्हर किंवा रॅम, आणि कोड काहीतरी सांगतोय. एकच प्रोग्राम बंद पडतो: तो प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करून बघा. मात्र आज ब्राउझर, उद्या एक्सेल, परवा गेम, असं कोणीही बंद पडत असेल तर ते सगळे एकाच वेळी बिघडले असण्यापेक्षा त्यांच्याखालची रॅम नासकी असण्याची शक्यता जास्त.

आणि कधी पडतो? गेम सुरू केल्यावर दहा मिनिटांनी, की नुसतं मेल वाचतानाही? दुपारीच, की रात्रीही? शेजारी फ्रिज किंवा पंप चालू झाला की? आठवडाभर एका कागदावर तारीख, वेळ आणि त्या वेळी काय चालू होतं एवढं लिहा. अर्धं निदान त्या कागदावरच होतं.

‘पण आमचा पडदा वाचायच्या आत गायब होतो’

विंडोज आपोआप रीस्टार्ट होतं म्हणून. ते बंद करता येतं. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, आलेल्या चौकटीत इंग्रजीत ‘सिसडीएम.सीपीएल’ टाइप करा (एस-वाय-एस-डी-एम, मग टिंब, पुढे सी-पी-एल). अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीची सेटिंग्ज उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ समोरची खूण काढा. पुढच्या वेळी पडदा तिथेच थांबेल. मोबाइलने फोटो काढा. खाली ड्रायव्हरच्या फाइलचं नाव आलं असेल तर तेही फोटोत येऊ द्या.

मागचं शोधायचं असेल तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करून ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री’ उघडा. तारखांची एक पट्टी येते, तिच्यावर लाल फुल्या. पहिली लाल फुली ज्या तारखेला आहे, तिच्या आदल्या दोन-तीन दिवसांत काय इन्स्टॉल झालं तेही त्याच पट्टीवर दिसतं. विंडोजमधल्या इतक्या कामाच्या खिडकीकडे इतकं दुर्लक्ष झालेलं दुसरं उदाहरण नसेल.

‘इव्हेंट ४१ दिसतो, म्हणजे एसएमपीएस गेला ना?’

नाही. इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही. तिच्यातली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून कित्येकांनी चांगला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बदलला आहे. ‘मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो’ एवढंच ती सांगते. पंचनामा आहे, आरोपपत्र नाही. तिच्या डिटेल्समध्ये ‘बगचेक कोड’ बघा. तिथे शून्य असेल तर विंडोजला कळायच्या आत वीज गेली, कॉम्प्युटर पूर्ण गोठला किंवा कोणीतरी बटण दाबून धरलं. शून्य नसेल तर तो पडद्याचाच कोड आहे, फक्त साध्या दशमान आकड्यात. पडद्यावरचा कोड षोडशमान, म्हणजे सोळाच्या हिशेबातला असतो, म्हणून तिथला १२४ इथे २९२ दिसतो.

कोड काय सांगतो, काय सांगत नाही

‘मेमरी मॅनेजमेंट’ आणि ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ हे रॅमकडे बोट दाखवतात. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ डिस्ककडे किंवा तिच्या केबलकडे. ‘व्हिडिओ टीडीआर’ ग्राफिक्सकडे. ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ म्हणजे हार्डवेअरनेच तक्रार केली: प्रोसेसर, व्होल्टेज, उष्णता, ओव्हरक्लॉकिंग (भागाला ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं). ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ बहुधा स्लीपमध्ये जाताना किंवा उठताना येतो, आणि तो वायफायसारख्या एखाद्या ड्रायव्हरचा प्रताप असतो.

पण कोड सांगतो तो ज्याच्या हातात बॉम्ब फुटला त्याचं नाव. ठेवला कोणी, ते वेगळं असू शकतं. रॅम खराब असेल तर आज साउंडचा ड्रायव्हर मरतो, उद्या नेटवर्कचा. म्हणून एक सोपा ठोकताळा: चार-पाच वेळा तोच कोड आणि तीच फाइल आली तर त्या ड्रायव्हरमागे लागा. दर वेळी नवा कोड आणि नवी फाइल असेल तर ड्रायव्हर सोडा, रॅम आणि वीज बघा.

रॅम: खोडरबर आणि रात्रभरची परीक्षा

आपल्याकडचा प्रत्येक मेकॅनिक रॅम काढतो, खोडरबराने घासतो आणि परत लावतो. हसू येतं, पण त्यामागे शास्त्र आहे. रॅमच्या पट्टीच्या कडेला सोनेरी संपर्कपट्ट्या असतात. दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि गोव्यात पावसाळाभर, त्यांच्यावर आणि स्लॉटमध्ये थर धरतो आणि संपर्क कच्चा होतो. तो थर रबराने निघतो. खरं तर निम्म्या वेळा काम होतं ते नुसतं काढून पुन्हा घट्ट बसवण्यानेच.

करायचं असं: प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज जातो. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. स्लॉटच्या टोकाचा खटका उघडून पट्टी सरळ वर काढा. पांढरा मऊ खोडरबर घ्या; शाई खोडायचा खरखरीत निळा नको. पट्टी कॅबिनेटपासून लांब धरून घासा, कारण रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडला तर नवं दुखणं. ब्रशने झाडा. बसवताना पट्टीची खाच आणि स्लॉटची खाच जुळवून दोन्ही टोकांना दाबा, ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत. हे वर्षातून एकदा ठीक. दर महिन्याला घासत बसलात तर तो सोन्याचा पातळ मुलामाच उडेल.

त्यानंतर परीक्षा. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट ८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम टाकून त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. चार फेऱ्या पूर्ण व्हायला हव्यात. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिकही चालते, पण ती कच्ची रॅम पास करून टाकते असा अनुभव आहे. निकाल वाचायला सोपा: चुका शून्यच हव्यात. अब्जावधी अंकांत एकच चूक आली तरी नापास, कारण ती एक चूक तुमच्या फोटोत पडेल की कर्नलमध्ये, हे कोणी ठरवत नाही.

नापास झाली तर बायोसमधला (विंडोजच्या आधी सुरू होणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करून परत चालवा. रॅमला खोक्यावर छापलेल्या जास्तीच्या वेगाने पळवणारी ही सेटिंग आहे. ती बंद केल्यावर पास झाली, तर तेवढा वेग तुमच्या मदरबोर्डला किंवा प्रोसेसरला झेपत नाही. तरीही नापास, तर एकेक पट्टी वेगळी तपासा. पट्टी बदलली तरी चूक त्याच स्लॉटमध्ये येत असेल तर दोष स्लॉटचा. जुन्या ८ जीबीला दुसऱ्याच कंपनीची ८ जीबी जोडल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर दोन्ही पट्ट्या एकेकट्या पास होऊनही जोडीने नापास होऊ शकतात.

वीज: ज्याच्याकडे शेवटी लक्ष जातं

कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असतं. त्यातले खरे किती, हे उचलून वजन बघितलं तरी थोडंफार कळतं. एसएमपीएस भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. १२ व्होल्टची वाहिनी ५ टक्क्यांपर्यंत हलली तर चालते, म्हणजे ११.४ ते १२.६. गेम सुरू झाला की ग्राफिक्स कार्ड एकदम ओढ घेतं. म्हातारा एसएमपीएस त्या क्षणी ११च्या खाली घसरतो आणि कॉम्प्युटर खटकन जातो. साधं काम दिवसभर नीट चालतं आणि गेमला किंवा व्हिडिओ एडिटिंगलाच पडतो, याचं हे नेहमीचं कारण. ओळखीच्याकडून दुसरा चांगला एसएमपीएस दोन दिवसांसाठी आणून लावणं हीच खरी तपासणी. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असू शकतो.

यूपीएस हा दुसरा गुन्हेगार, आणि तो कायम सभ्य चेहरा करून बसलेला असतो. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॉट. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. त्यानंतर व्होल्टेज जरा खाली गेलं की यूपीएस बॅटरीवर उडी मारतो, बॅटरीत जीव नसतो आणि कॉम्प्युटर बंद. घरातला पंखा मात्र चालूच, त्यामुळे लाइट गेली होती असं कोणाला वाटतही नाही. तपासायला कॉम्प्युटर काढून यूपीएसवर ६० किंवा १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. बल्ब तत्क्षणी विझला तर बॅटरी संपली.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मग अर्थिंग नाही. आधी वायरमनला बोलवा, कॉम्प्युटरवाल्याला नंतर.

उष्णता आणि धूळ

एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्राममध्ये तापमान दिसतं. प्रोसेसर ९५-१०० अंशांजवळ गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरी ऐकलं नाही तर बंद होतो. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे खोलीच ४० अंशांवर असते, तेव्हा हिवाळ्यात चालून गेलेला धुळीचा थर उन्हाळ्यात कॉम्प्युटर पाडतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने भन्नाट फिरवलं तर बेअरिंग जातं. इंटेलच्या खोक्यात येणाऱ्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. त्यातली एक जरी सुटली तरी कूलर एका बाजूने उचलला जातो आणि काहीही न करता तापमान चढतं. सगळी साफसफाई करून झाल्यावर हीच सुटलेली पिन हाती लागते. कूलर काढला तर प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून वाटाण्याच्या लहान दाण्याएवढी नवी लावा.

डिस्क

इथे क्रम उलटा: आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा, मग तपासा. मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन्‌तास तपासणी चालवली तर ती तपासणीतच जाते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम ‘गुड’, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असं सरळ सांगतो. हार्ड डिस्कच्या यादीत ०५ आणि सी५ या ओळींचे आकडे वाढत असतील तर डिस्क बदला. फक्त सी७ वाढत असेल तर आधी डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदलून बघा, ती फार स्वस्त आहे.

ड्रायव्हर, आणि बिटलॉकरचा सापळा

शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केलं की दुरुस्तीचा मेनू येतो, तिथून सेफ मोडमध्ये जाता येतं. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर चालतं. एरवी तासाभरात पडणारा कॉम्प्युटर तिथे चार तास टिकला तर संशय ड्रायव्हरवर जातो. पुरावा पक्का नव्हे, कारण सेफ मोडमध्ये ग्राफिक्स कार्डवर आणि विजेवर भारही नसतो.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर संशयित असेल तर डीडीयू नावाच्या मोफत प्रोग्रामने तो सेफ मोडमध्ये मुळासकट काढा आणि कार्डाच्या कंपनीच्याच साइटवरून नवा घ्या. ‘तुमचे २७ ड्रायव्हर जुने झालेत’ म्हणून पैसे मागणाऱ्या प्रोग्रामांना दाराबाहेर ठेवा.

यातलं काहीही करण्याआधी, बायोसला हात लावण्याआधी तर नक्कीच, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) ४८ अंकी किल्ली शोधून कागदावर लिहा. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. किल्ली सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ते खातं दुकानदाराने त्याच्या मेलवर उघडलं असेल, तर किल्ली त्याच्याकडे.

‘एवढं करण्यापेक्षा फॉरमॅट मारू की’

फॉरमॅटने विंडोज आणि ड्रायव्हर नवे होतात. रॅम, एसएमपीएस आणि सुटलेली पिन आहेत तशाच राहतात. शिवाय ताज्या विंडोजवर सुरुवातीला भार कमी असतो, त्यामुळे आठवडाभर बरं वाटतं. हा शेवटचा उपाय ठेवा. त्याआधी फुकटातली एक चाचणी आहे: पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाका आणि इन्स्टॉल न करता तिथूनच दोन-तीन तास चालवा, ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावून ठेवा. तिथेही गोठला किंवा पडला तर विंडोज निर्दोष आहे आणि फॉरमॅटचे पैसे वाचले.

‘व्हायरस असेल’

क्वचित. आजकालच्या व्हायरसला कॉम्प्युटर चालू राहण्यातच फायदा असतो. शंका असेल तर विंडोज सिक्युरिटीमधलं ऑफलाइन स्कॅन चालवा. त्रास जास्त होतो तो दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवल्याने, कारण दोघेही कर्नलमध्ये ठाण मांडून एकमेकांवर पाळत ठेवतात. एक काढा. विंडोज फुकटात अॅक्टिव्हेट करणारे जुगाडही त्याच यादीत.

‘महागडा आहे, मग बिघडेल कसा?’

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं उदाहरण ताजं आहे. त्यातले बरेच, विशेषतः आय-९ आणि आय-७, गेम खेळताना कोसळत. ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा आणि लोक बिचारं ग्राफिक्स कार्ड बदलायचे. दोष होता प्रोसेसरने गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागण्यात, आणि त्याने तो आतून झिजत होता. २०२४च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दुरुस्ती आली, ती बायोस अपडेटमधून. पण ती पुढची झीज थांबवते. झिजलेला प्रोसेसर बरा करत नाही. इंटेलने अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे यातला असेल तर बायोस ताजं करा, तरीही पडत असेल तर वॉरंटीत द्या.

दुकानात नेताना

वेळ-तारखांचा तो कागद, पडद्याचे फोटो आणि मेमटेस्टचा निकाल बरोबर न्या. ‘सारखा बंद पडतो’ म्हणण्यापेक्षा ‘गेममध्ये पाच-दहा मिनिटांनी खटकन जातो, कोड येत नाही, रॅम पास आहे’ म्हटलंत की समोरचा माणूस थेट एसएमपीएसकडे वळेल. एका वेळी एकच भाग बदलायला सांगा. रॅम, एसएमपीएस, डिस्क सगळं एकदम बदललं तर बरा होईल, पण बिघडलं काय होतं ते कोणालाच कळणार नाही आणि बिल तिन्हींचं येईल. आणि काढलेला भाग परत मागा. ब्रँडेड रॅमची वॉरंटी बऱ्याचदा कॉम्प्युटरपेक्षाही जास्त टिकते, आणि ती मिळते पट्टीवरच्या स्टिकरच्या नंबरावर.